रोज कोंडा खाल्ल्याने मोठ्या आतड्याचा कर्करोग खरंच टळतो का?

साशंक
पोट साफ राहावं म्हणून कोंडा खाणाऱ्यांशी माझं भांडण नाही. पण 'कोंड्याने आतड्याचा कर्करोग टळतो' हे ठासून सांगतात, त्याला आक्षेप आहे. ही कल्पना मुख्यतः डेनिस बर्किट यांच्यामुळे रुजली. युगांडात वर्षानुवर्षं काम केलेल्या या सर्जनना तिथे हा कर्करोग क्वचितच दिसे. लोकांच्या आहारात चोथा, म्हणजे तंतू, भरपूर आणि मळही भरपूर, लवकर पुढे सरकणारा. १९७१ साली त्यांनी या गोष्टींची सांगड घातली. पण त्या लोकांचं मांस खाणंही कमी, अंगमेहनत जास्त, आयुर्मान कमी. मग सगळं श्रेय चोथ्याला कसं?

पुढे चाचणीही झाली. अ‍ॅरिझोनात आतड्यातले अ‍ॅडिनोमा, म्हणजे पुढे कर्करोगाकडे वळू शकणाऱ्या गाठी, काढून टाकलेले लोक घेतले. एका गटाला रोज १३.५ ग्रॅम तंतू मिळेल इतका गव्हाचा कोंडा, दुसऱ्याला २ ग्रॅमपुरता. सुमारे तीन वर्षांनी गाठी पुन्हा दिसल्या त्या पहिल्या गटात ४७ टक्के लोकांना, दुसऱ्यात ५१.२ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडतो. हे २००० साली छापून आलं. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या अमेरिकी चाचणीत २,०७९ लोकांपैकी निम्म्यांना कमी चरबी, भरपूर फळं-भाज्या आणि तंतू असा आहार दिला होता. चार वर्षांनी गाठी पुन्हा दिसल्या त्या ३९.७ विरुद्ध ३९.५ टक्के लोकांना! आता बोला.

पडताळा
बोलतो की. दोन्ही चाचण्यांत पाहिलं काय, तर गाठ परत आली का. कर्करोग झाला का, हे नव्हे. साध्या गाठीचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. शिवाय ज्यांना आधीच गाठी झाल्या होत्या त्यांनाच निवडलं. पन्नास-साठ वर्षं कमी तंतू खाल्लेल्या माणसाला तीन वर्षं कोंडा देऊन 'उपयोग नाही' म्हणणं घाईचं आहे.

दहा युरोपीय देशांतल्या पाच लाखांहून जास्त लोकांचा 'एपिक' अभ्यास विसरलात का? २००३ च्या निष्कर्षांत, सगळ्यात जास्त तंतू खाणाऱ्या पाचव्या हिश्शात हा कर्करोग सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी कमी होता.

साशंक
विसरलो नाही. पण असे तेरा अभ्यास एकत्र करून सव्वासात लाख लोकांचा हिशेब २००५ मध्ये मांडला गेला. सुरुवातीला संबंध दिसला. आहारातले इतर धोके हिशेबात धरल्यावर तो जवळजवळ नाहीसा झाला. त्याआधी १९९९ मध्ये ८८,७५७ अमेरिकी परिचारिकांच्या सोळा वर्षांच्या नोंदींतही काही हाती लागलं नव्हतं. तंतू जास्त खाणारी माणसं सहसा धूम्रपान कमी करतात, चालतात जास्त, वजनही आटोक्यात ठेवतात. यातून कोंडा वेगळा कसा काढणार?

जीवरसायन
दोघेही 'तंतू' एकाच पोत्यात भरताय, घोळ तिथेच आहे. २०११ मध्ये २५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण आलं. त्यात धान्यातल्या तंतूचं प्रमाण रोज १० ग्रॅमने वाढलं की धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी दिसला. फळं, भाज्या, कडधान्यं यांच्या तंतूंबद्दल मात्र असा ठोस संबंध सापडला नाही.

गव्हाचा कोंडा बराचसा न विरघळणारा. तो पाणी धरून मळाचं आकारमान वाढवतो, आतड्यातला मुक्काम कमी करतो, त्यामुळे घातक द्रव्यं पातळ होतात आणि अस्तराला कमी वेळ भिडतात. (भरड कोंडा हे काम बारीक दळलेल्यापेक्षा चांगलं करतो.) जो भाग जिवाणू आंबवतात त्यातून ब्युटिरेट तयार होतं. ते आतड्याच्या पेशींचं आवडतं इंधन, आणि प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशींची वाढ रोखतानाही दिसलंय. आता उलटं उदाहरण: २००० सालच्या एका युरोपीय चाचणीत रोज ३.५ ग्रॅम इसबगोल घेणाऱ्यांत गाठी परत येण्याचं प्रमाण चक्क जास्त निघालं. तोही तंतूच ना?

साशंक
मुद्दा मान्य. पण यंत्रणा पटण्यासारखी असणं वेगळं आणि माणसात फायदा दिसणं वेगळं. तुमच्या त्या १० टक्क्यांमागेही पुन्हा निरीक्षणंच आहेत.

पडताळा
मग तंबाखूचं काय? माणसांना वर्षानुवर्षं सिगारेट ओढायला लावून चाचणी कुणी केलीय? काही प्रश्नांत निरीक्षणावरच निर्णय घ्यावा लागतो.

साशंक
तंबाखूने फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. इथे गोष्ट १० टक्क्यांची चाललीय. एवढा फरक मोजमापातल्या चुकीनेही उभा राहतो किंवा पुसला जातो.

पडताळा
'पुसला जातो' हे लिहिलंत ते बरं केलंत. काय खाल्लं हे लोक आठवून सांगतात, ते चुकतंच. तसल्या ढोबळ चुकीने खरा संबंध सहसा फिका पडतो. तुमच्या १९९९ च्या परिचारिकांनाही हेच लागू.

वाटसरू
मध्येच विचारतो. त्या २०११ च्या विश्लेषणात रोज ९० ग्रॅम अख्ख्या धान्यामागे धोका १७ टक्क्यांनी कमी दिसला होता ना? म्हणजे वेगळा काढलेला कोंडा खाण्यापेक्षा अख्खं धान्य बरं? आणि मी बद्धकोष्ठासाठी इसबगोल घेतो, ते बंद करू का?

जीवरसायन
पहिल्याचं उत्तर हो. अख्ख्या धान्यात कोंड्याबरोबर अंकुरही येतो आणि मैद्याची जागा आपोआप जाते. पुरावाही तिकडेच जास्त झुकतो. इसबगोल बद्धकोष्ठासाठी असेल तर घाबरून बंद करू नका. ती चाचणी आधी गाठी झालेल्यांवर होती, तुम्हाला झाल्या असतील तर डॉक्टरांशी बोला. आणि कोंडा एकदम वाढवू नका, पोट फुगेल, पाणीही वाढवा.