शिक्षेच्या भीतीने बंडं थांबतात का?

फाशीचा धाक असला की सेनाधिकारी बंडाच्या वाटेला जात नाहीत, हा मुद्दा मला पटत नाही. आपणच जिंकणार असं वाटत असलं, तर शिक्षेची भीती उरतेच कुठे?

स्पेनचं बघा. २३ फेब्रुवारी १९८१ च्या संध्याकाळी लेफ्टनंट कर्नल तेहेरो सिव्हिल गार्ड या निमलष्करी पोलीस दलाचे सुमारे २०० सशस्त्र जवान घेऊन संसदेत घुसला. छतात गोळ्या झाडल्या, अख्खं सभागृह ओलीस. वालेन्सियात जनरल मिलान्स देल बोश यांनी रणगाडे रस्त्यावर उतरवले. इतर ठिकाणचे बरेच सेनापती मात्र कुंपणावर बसून राजाचा कल बघत होते. राजा हुआन कार्लोस यांनी त्यांना फोन केले आणि रात्री सव्वाच्या सुमारास लष्करी गणवेशात टीव्हीवर येऊन राज्यघटनेची बाजू घेतली. तिथेच बंडातली हवा गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तेहेरो शरण आला.

अर्थात शिक्षेचा मुद्दा अगदीच गैरलागू नाही. हाच तेहेरो १९७८ च्या एका कटात पकडला गेला होता. तेव्हा जेमतेम सात महिन्यांची कैद झाली आणि नोकरीही शाबूत राहिली! असा माणूस गणवेशात ठेवणं हा सरकारचा अक्षम्य हलगर्जीपणा होता.