अद्भुतकथांतील नायकांचे धैर्य नेमके येते कोठून?

रानवाट यांचा प्रश्न

आठवी-नववीतील मुलांसाठी मी सध्या एक अद्भुत कादंबरिका लिहीत आहे. तिची नायिका घर सोडून दूरच्या प्रवासाला निघते. मसुदा वाचून पाहणाऱ्यांचा आक्षेप असा, की पहिल्या तीन प्रकरणांत जी मुलगी सावलीलाही घाबरते, ती चौथ्या प्रकरणात गुरूच्या दोन वाक्यांनी एकदम शूर होते आणि हे कोणालाच पटत नाही. आक्षेप रास्त वाटल्यामुळे अद्भुतकथा लिहिणाऱ्या इंग्रज लेखक टॉल्किनची पुस्तके पुन्हा वाचायला घेतली. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द हॉबिट'मध्ये घरकोंबडा, ठेंगणा नायक बिल्बो ड्रॅगनच्या गुहेकडे जाणाऱ्या अंधाऱ्या बोगद्यात उतरतो, तांबूस उजेड दिसतो, झोपलेल्या प्राण्याची घरघर ऐकू येते आणि तो थबकतो. तेथून पुढे पाऊल टाकणे ही त्याच्या हातून घडलेली सर्वांत धाडसाची गोष्ट होती, असे लेखक तेथेच सांगून टाकतो. समोर शत्रू नाही, हाणामारी नाही, बघायला कोणी नाही. मग हाच क्षण सर्वांत मोठा का? आणि त्या क्षणी लागणारे बळ बिल्बोला मिळाले कोठून?

जुनी पोथी यांचा प्रतिसाद

पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुलनेने सोपे आहे. ड्रॅगन एकदा दिसला की डोळ्यांना आणि हातांना काम मिळते. तो केवढा आहे, कोणत्या कुशीवर निजला आहे, कोणती वस्तू उचलता येईल, हे पाहण्यात भीतीला फारशी जागा उरत नाही. बोगद्यात मात्र फक्त आवाज आणि ऊब आहे, आणि बाकीचे चित्र मन स्वतःच रंगवत असते. शिवाय टॉल्किनने तेथे एक बारकावा ठेवला आहे. ड्रॅगनने बळकावलेला खजिना परत मिळवण्यासाठी बिल्बोला सोबत आणणाऱ्या तेरा बुटक्यांपैकी एकटा बॅलिन थोड्या अंतरापर्यंत सोबत येतो आणि मग थांबतो. सोबत सुटल्यानंतरचा एकटेपणा मुळीच सोबत नसण्यापेक्षा अधिक झोंबतो, हे लेखकाला ठाऊक आहे.

दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत असे, की बिल्बोला बळ कोणत्याही थोर ध्येयाने दिलेले नाही. त्याने चोर म्हणून नोकरी पत्करली आहे. करार झाला आहे. नफा झालाच तर चौदावा हिस्सा, आणि तशी वेळ आलीच तर अंत्यविधीचा खर्च मंडळींकडे. हसू यावे इतकी ही बाब रोकडी आहे, पण घेतलेले काम पुरे करावे एवढ्या आधारावर तो खाली उतरतो आणि दोन कानांचा एक पेला घेऊन वर येतो. ड्रॅगनला तो मारत नाही, ते काम बार्ड नावाच्या धनुर्धाऱ्याच्या बाणाने होते.

याहून बोलका प्रसंग पुढे आहे. बुटक्यांचे सर्वांत मोलाचे रत्न बिल्बो रात्री गुपचूप विरुद्ध पक्षाच्या हाती देतो, जेणेकरून लढाई टळावी. त्या पक्षातील एल्फ या वनवासी लोकांचा राजा त्याला आपल्याकडेच राहण्याचा सल्ला देतो, कारण परत गेल्यास बुटक्यांचा म्होरक्या थोरिन याचा संताप त्याच्यावरच कोसळणार हे उघड आहे. बिल्बो परत जातो. मित्रांना असे सोडणे बरे नाही हे एक कारण, आणि दुसरे म्हणजे बॉम्बर या बुटक्याला मध्यरात्री उठवण्याचे त्याने कबूल केलेले असते! तुमच्या नायिकेला गुरूचा उपदेश देण्यापेक्षा असे एखादे कबूल केलेले, क्षुल्लक वाटणारे काम द्यावे, असे मला सुचवावेसे वाटते.

मधली सुट्टी यांचा प्रतिसाद

वरील मताशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, पण टॉल्किनच्याच 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या पहिल्या खंडातील थडग्याचा प्रसंग विसरून चालणार नाही. एक घातक जादूची अंगठी नष्ट करायला निघालेला नायक फ्रोडो शुद्धीवर येतो तेव्हा त्याचे सोबती सॅम, पिपिन आणि मेरी शेजारी पांढऱ्या वस्त्रांत निपचित पडलेले आहेत, तिघांच्याही गळ्यांवर मिळून एकच नंगी तलवार आडवी ठेवलेली आहे आणि कोपऱ्याआडून एक लांब हात बोटांवर चालत सॅमच्या दिशेने सरकतो आहे. फ्रोडोच्या मनात सर्वांत आधी पळून जाण्याचाच विचार येतो. अंगठी घालावी, अदृश्य व्हावे, बाहेर पडून मित्रांसाठी रडावे, पण जिवंत राहावे. हा विचार लेखक लपवत नाही, तो पुरता मनात येऊ देतो, आणि मगच फ्रोडो शेजारची आखूड तलवार उचलून त्या हातावर घाव घालतो. तलवार मुठीपर्यंत मोडते. त्यानंतर तो वाटेत आधी भेटलेल्या टॉम बॉम्बाडिल या रानातल्या मित्राला हाक मारतो. म्हणजे मदत मागणेही येथे शौर्यातच जमा आहे.

याच थडग्यातील खजिन्यातून निघालेले शस्त्र पुढे मेरीच्या हाती असते. पेलेनोरच्या रणभूमीवर नाझगूल या शत्रूच्या भयंकर पिशाच्च-स्वारांच्या म्होरक्यासमोर तो जनावरासारखा हातापायांवर रांगत असतो, डोळे उघडण्याचीही त्याची छाती होत नाही. आपण राजाचे सेवक आहोत, राजाजवळ थांबले पाहिजे, असे तो स्वतःला बजावतो, पण शरीर ऐकत नाही. ही जागा पोथीवाल्यांनी जरूर पाहावी, कारण येथे केवळ कर्तव्याची आठवण पुरी पडलेली नाही. राजाची भाची एओविन त्या म्होरक्यासमोर एकटी उभी दिसते, तिने निदान एकटीने तरी मरू नये एवढेच त्याला वाटते, आणि मग तो मागून जाऊन शत्रूच्या गुडघ्यामागे वार करतो. दिलेला शब्द जेथे कमी पडला, तेथे समोरच्या माणसाची कीव उपयोगी पडली.

आडवाट यांचा प्रतिसाद

सगळी चर्चा टॉल्किनभोवतीच फिरत आहे, म्हणून एक वेगळे उदाहरण देतो. उर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ सालच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'मधील गेड हा भित्रा नाहीच, तो गर्विष्ठ आहे. ईर्ष्येपोटी केलेल्या मंत्रप्रयोगातून एक छाया मोकळी सुटते आणि पुढे बराच काळ तो तिच्यापासून पळत राहतो. ड्रॅगनसमोर उभे राहायला तो कचरत नाही, छायेचा विषय निघाला की मात्र त्याचे पाय डळमळतात. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते येथे शब्दशः घडते, कारण तो जितका पळतो तितके तिचे बळ वाढते. अखेर ससाण्याच्या रूपात थकून आलेल्या गेडला त्याचा गुरू ओजियन एवढेच सांगतो, की आता मागे वळ आणि जी तुझा पाठलाग करते तिचा तू पाठलाग कर.

तेव्हा गुरूची दोन वाक्येही चालतात, फक्त ती योग्य वेळी यावी लागतात. पळण्याचे सर्व मार्ग संपलेले आहेत हे वाचकाने स्वतः पाहिलेले असते, म्हणून ओजियनचे बोलणे पटते. तुमच्या चौथ्या प्रकरणात बहुधा मुलगी अद्याप कोठे पळालेलीच नाही.

रानवाट यांचा प्रतिसाद

आडवाट यांनी अचूक जागी बोट ठेवले आहे. माझी नायिका एकदाही पळत नाही, ती नुसतीच घाबरून बसते. आता एक शंका उरते. इतके सारे धैर्य गोळा करूनही फ्रोडो शेवटच्या क्षणी, अग्निकुंडाच्या काठावर, अंगठी टाकण्यास नकार देतो. मग तोवरच्या प्रवासाला अर्थ काय राहिला? मुलांच्या पुस्तकात असा शेवट पेलेल का?

जुनी पोथी यांचा प्रतिसाद

टॉल्किन १९१६ साली पहिल्या महायुद्धातील सोमच्या लढाईत संदेशवहन अधिकारी होते, खंदकज्वराने आजारी पडून मायदेशी परतले, आणि १९१८ पर्यंत त्यांच्या जवळच्या मित्रांपैकी एक वगळता सारे मरण पावले होते. धैर्य दाखवले की माणूस जिंकतोच, असे त्यांनी लिहिले असते तरच मला आश्चर्य वाटले असते. १९६३ सालच्या एका पत्रात त्यांनी फ्रोडोच्या त्या नकाराला नैतिक अपयश म्हणण्यास स्पष्ट नकार दिला आहे. त्या जागी, तेवढ्या यातनांनंतर, तो भार कोणालाच पेलला नसता, असे त्यांचे म्हणणे होते. प्रवासाचा अर्थ असा, की फ्रोडो त्या काठापर्यंत पोहोचला आणि अखेरच्या चढावर सॅमने त्याला पाठीवर वाहून नेले.

अंगठी नष्ट करण्याचे उरलेले काम तिच्या लोभाने मागे लागलेल्या गॉलम या प्राण्याच्या हातून होते, आणि गॉलम तोवर जिवंत असतो तो बिल्बोने फार पूर्वी अंधारात त्याच्यावर तलवार न चालवता डोक्यावरून उडी मारून निसटणे पसंत केले म्हणून. तेथे बिल्बो भ्यालेला होता, अदृश्य होता, हातात शस्त्र होते. वार करणे सर्वांत सोपे होते. त्यामुळे मुलांना हा शेवट पेलेल की नाही, हे तुम्ही त्यापूर्वी काय पेरले आहे यावर ठरेल. नायिका शेवटी कमी पडणार असेल, तर दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणातच, ती सर्वाधिक घाबरलेली असताना, तिने कोणाला तरी सोडून दिल्याचा प्रसंग घाला, आणि तो महत्त्वाचा आहे असे तेथे मुळीच सुचवू नका.