निजामाबादचे १७८ अर्ज

'निवडून यायचं नाही हे ठाऊक असताना अपक्ष उभं राहणं म्हणजे मतं वाया घालवणं', हे मत मला अजिबात पटत नाही. २०१९ची तेलंगणातली निजामाबाद लोकसभा आठवा. हळदीला भाव नाही, हळद मंडळाचं नुसतं आश्वासन. शेवटी १७८ शेतकऱ्यांनी अर्ज भरले, अनामत प्रत्येकी २५,००० रुपये! रिंगणात एकूण १८५ उमेदवार झाले आणि केंद्राकेंद्रावर १२-१२ बॅलट युनिटं (मतदान यंत्राचे उमेदवारांची नावं आणि बटणं असलेले भाग) जोडावी लागली. तेव्हाच्या खासदार के. कविता, म्हणजे मुख्यमंत्र्यांच्या कन्या, पडल्या. त्या केवळ या शेतकऱ्यांमुळे पडल्या असं मी म्हणणार नाही, पण निजामाबादची हळद देशभरच्या बातम्यांत आली ती त्यांच्याचमुळे. (आपल्या सांगलीच्या हळदवाल्यांनाही यात रस असायला हवा.) जिंकलेल्या डी. अरविंद यांनी मंडळ आणण्याचं चक्क बॉण्डपेपरवर लिहून दिलं होतं. मंडळ निजामाबादेत सुरू व्हायला मात्र जानेवारी २०२५ उजाडलं.

त्याआधी, १९९६ साली, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या नलगोंड्यात फ्लोराइडच्या पाण्याने माणसं वाकडी होत होती. त्याकडे लक्ष वेधायला तिथे लोकसभेला ४८० उमेदवार उभे राहिले. मतपत्रिकेचं पुस्तक झालं, मतदान पुढे ढकलावं लागलं. त्याच वर्षी कायदा बदलला आणि लोकसभेची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० झाली; अपक्षाला सूचकही (अर्जावर सही करून नाव सुचवणारे मतदार) दहा लागू लागले. याचा मला मनापासून राग येतो. लोक पिण्यालायक पाणी मागत होते, आणि संसदेने पटकन काय केलं, तर अर्ज महाग केला.