वायरलेस नसलेले रणगाडे: 'अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर'चा नियम इतिहासाला धरून आहे का?

शिलेदार (धागाकर्ता):
अ‍ॅव्हलॉन हिलने १९८५ साली काढलेल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर' या बोर्डगेममध्ये सोव्हिएत बाजूने खेळणाऱ्याला एक नियम सतत आडवा येतो. ज्या रणगाड्यात वायरलेस नाही, त्याने आपल्या प्लाटूनमधल्या रणगाड्यांना लागूनच सरकायचे. एकट्याने निघायचे असेल, तर आधी दोन फासे टाकून मनोधैर्याची चाचणी पार करायची. मनोधैर्याचा आकडा आठ धरला, तर फाशांची बेरीज आठच्या वर जाऊन ३६ पैकी १० वेळा तो रणगाडा जागचा हलत नाही.

नियमामागचा इतिहास खरा आहे. १९४१ मध्ये सोव्हिएतांच्या टी-३४ रणगाड्यांपैकी वायरलेस मुख्यतः कमांडरांच्या गाड्यांत असे आणि बाकीच्यांना झेंड्यांच्या खुणा पाहून चालावे लागे. माझा आक्षेप हा की वायरलेस 'आहे' किंवा 'नाही' यापलीकडे नियम जातच नाही. फ्रेंचांच्या शार बी-१ बिस रणगाड्यात वायरलेस संच होता आणि तो चालवायला वेगळा माणूसही होता, परंतु १९४० मध्ये यांपैकी बहुतेक संचांवरून बोलता येत नसे, संदेश मोर्समध्ये, म्हणजे टिंब-रेघांच्या सांकेतिक लिपीत, पाठवावा लागे. अशा संचाला 'आहे' म्हणायचे की 'नाही'? अमेरिकी शर्मनचेही तसेच आहे. त्याच्या तोफेला वरखाली हिंदकळण्यापासून सावरणारे जायरो यंत्र होते आणि गेममध्ये त्यामुळे चालत्या रणगाड्यातून मारा करण्याचा दंड कमी होतो. प्रत्यक्षात त्याची निगा आणि सराव यांचा व्याप नको म्हणून अनेक दले ते बंदच ठेवत. कारखान्यातून काय बसवून निघाले, त्यापेक्षा रणांगणावर जवानांच्या हाती काय चालू होते, हे नियमात यायला हवे.

फासेकरी:
मी पूर्णपणे असहमत आहे. १९७७ च्या मूळ 'स्क्वॉड लीडर'चे रचनाकार जॉन हिल यांची भूमिकाच अशी होती की परिणाम खरा उतरावा, त्यामागचे प्रत्येक कारण वेगळे मांडत बसू नये. टी-३४/७६ च्या बुरुजात, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या वरच्या भागात, दोनच माणसे असत आणि तोफेचा नेम कमांडरलाच धरावा लागे. सुरुवातीच्या गाड्यांवरचे मोठे एकसंध झाकण पुढच्या बाजूला उघडे, म्हणजे डोके बाहेर काढले तरी समोर पोलादच. अशा माणसाला शेजारच्या गाडीवरचा झेंडा कितीसा दिसणार? हा सगळा आंधळेपणा तो एक नियम पुरेसा दाखवतो.

शिलेदार:
मग नियमाला त्याच्या खऱ्या कारणाचे नाव द्या. बंधन वायरलेसशी जोडल्यामुळे, दोन माणसांचा बुरूज तसाच असताना केवळ संच बसला की तेही सुटते, आणि तुम्ही सांगितलेला आंधळेपणा मात्र जिथल्या तिथे राहतो. कमांडर नेमबाजीतून मोकळा झाला, तो १९४४ मध्ये तीन माणसांचा बुरूज घेऊन आलेल्या टी-३४/८५ मुळे.

नगरकर:
फासेकरी यांच्या मांडणीला गेममधूनच उत्तर मिळते, कारण एका माणसाच्या बुरुजासाठी त्यात स्वतंत्र नियम आहे. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जपानी टाइप ९५ हा-गो आहे, त्याच्या बुरुजाशेजारी एकदा उभे राहून पाहावे. त्या तोकड्या पिंपात बसून एकाच माणसाने ३७ मिमी तोफ भरायची, नेम धरायचा, ती डागायची, शिवाय मागे वळून बुरुजाच्या पाठीशी बसवलेली मशीनगन चालवायची, आणि हे करता करता रणगाड्याला दिशाही द्यायची. हे पाहिल्यावर वेगळा नियम का केला, ते सांगावे लागत नाही. एका माणसाचा बुरूज वेगळा मोजता येतो, तर दोन माणसांचा का नको?

फासेकरी:
कारण पटावर दहा रणगाडे असले की प्रत्येक सूक्ष्म फरकासाठी फासे टाकत बसावे लागेल आणि संध्याकाळ संपली तरी चार वळणेसुद्धा पूर्ण होणार नाहीत. एखाद्या लढाईपुरता फरक दाखवायचा असेल, तर त्या प्रसंगाच्या खास नियमांत तो लिहिता येतो. शार बी-१ बिसच्या मोर्सबद्दलचा तुमचा मुद्दा मला मान्य आहे, आणि त्याची जागा तिथेच आहे.

शिलेदार:
दर वळणाला फासे टाका, असे मी म्हणत नाही. डाव मांडतानाच, त्या वर्षाच्या परिस्थितीप्रमाणे, कोणत्या गाडीत चालू संच आहे हे एकदा ठरवावे आणि ती सोंगटी प्रतिस्पर्ध्याला उघड दाखवावी. सोव्हिएतांच्या टी-२६ रणगाड्यांतल्या कमांडर गाडीच्या बुरुजाभोवती कठड्यासारखी अँटेना असे आणि शत्रूला ती लांबूनच ओळखू येई. म्हणून १९३९ च्या सुमारास तिच्या जागी साधी उभी काठी आली. वायरलेस असण्याची ही किंमत सध्याच्या नियमात कुठेच मोजली जात नाही.