विमेदारांच्या खासगी माहितीसाठी महाराष्ट्राला स्वतंत्र कायदा करता येईल का?

प्रश्न : कोपरीकर (ठाणे पूर्व)

आमच्या गृहनिर्माण संस्थेतील काही ज्येष्ठ सभासदांनी स्थानिक आमदारांना एक निवेदन द्यायचे ठरवले असून मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. विमा काढताना आणि क्लेम करताना दिलेली वैयक्तिक माहिती, विशेषतः आजारपणाची, परस्पर इतरांच्या हाती जाऊ नये यासाठी महाराष्ट्र विधिमंडळाने कायदा करावा, अशी आमची मागणी आहे. अमेरिकेत असे कायदे राज्यांनीच केलेले आहेत, असे वाचनात आले. मग आपल्याकडे ते का होऊ शकत नाही?

निमित्तही सांगतो. माझ्या आईच्या उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन ठाण्यातील एका रुग्णालयात कॅशलेस पद्धतीने झाले. त्यानंतर काही दिवसांतच एका अनोळखी माणसाचा फोन आला. पॉलिसी कधी संपते, विम्याची रक्कम किती आणि ऑपरेशन कोणत्या डोळ्याचे झाले, हे सगळे त्याला ठाऊक होते. ‘आजींचे वय ७६ आहे, आता हप्ता वाढणार, त्यापेक्षा पॉलिसी आमच्याकडे पोर्ट करून घ्या,’ असे तो म्हणाला. आईचे वय ६७ आहे. रुग्णालयाने भरलेल्या अर्जात हे आकडे उलटे पडले होते आणि ते दुरुस्त करून घ्यायला मीच काउंटरवर उभा होतो. रुग्णालयाकडे विचारणा केली तर ते कंपनीकडे बोट दाखवतात आणि कंपनी रुग्णालयाकडे. निवेदनात नेमके काय मागावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : ऐरोलीचा रहिवासी

मी ऐरोलीतील एका कार्यालयात अमेरिकन विमा कंपन्यांच्या क्लेमचे काम करतो. तेथील कायद्यांचे प्रशिक्षण आम्हाला वारंवार घ्यावे लागते, त्यामुळे तेवढ्यापुरते सांगू शकतो.

अमेरिकेत विम्याचे नियमन मुळातच राज्यांकडे आहे. १९४५ च्या मॅककॅरन-फर्ग्युसन कायद्याने तेथील संघीय संसदेने हे क्षेत्र राज्यांसाठी मोकळे ठेवले. प्रत्येक राज्यात विमा आयुक्त असतो आणि या आयुक्तांची राष्ट्रीय संघटना नमुना कायदे तयार करते. ते स्वीकारायचे की नाही आणि स्वीकारताना त्यात काय बदलायचे, हे राज्याचे विधिमंडळ ठरवते. त्यामुळे ‘अमेरिकेतील कायदा’ असे सरसकट म्हणता येत नाही. एका राज्यात जे चालते ते शेजारच्या राज्यात चालेलच असे नाही. आमच्यासारख्या काम करणाऱ्यांना याचा ताप फार होतो.

कॅलिफोर्नियाचे उदाहरण मला सर्वांत उपयोगी वाटते. तेथे १९८० साली, म्हणजे संगणक घरोघरी पोहोचण्यापूर्वीच, विमा माहिती व गोपनीयता संरक्षणाचा कायदा झाला. कंपनी तुमच्याविषयी कोणत्या प्रकारची माहिती कोठून गोळा करते, हे तिने कळवले पाहिजे. तुमच्याविषयीची नोंद तुम्हाला पाहता येते आणि चुकीची असेल तर दुरुस्तीची मागणी करता येते. विमा नाकारला किंवा हप्ता चढा लावला तर कारण मागता येते. खोटी ओळख सांगून किंवा खोटे निमित्त काढून माणसाकडून माहिती काढून घेण्यालाही त्या कायद्याने बंदी घातली आहे. फसव्या क्लेमच्या तपासासाठी तेवढी मर्यादित सूट आहे. पुढे १९९९ च्या ग्रॅम-लीच-ब्लायली या संघीय कायद्याने वित्तीय संस्थांना गोपनीयतेचे किमान बंधन घातले. त्यानंतरच्या नमुना नियमावलीत आर्थिक माहितीसाठी ‘नको असेल तर कळवा’ आणि आरोग्याच्या माहितीसाठी ‘आधी परवानगी घ्या’ असा फरक केला गेला. हा फरक आपल्या निवेदनात यावा, असे मला वाटते. २०१७ साली माहितीच्या सुरक्षेविषयी आणखी एक नमुना कायदा आला आणि २०१८ मध्ये साउथ कॅरोलिनाने तो सर्वांत आधी स्वीकारला.

प्रत्यक्ष कामात याचा अर्थ असा, की आमच्या मजल्यावर मोबाइल लॉकरमध्ये ठेवून जावे लागते, टेबलावर कोरा कागद आणि पेन्सिलसुद्धा चालत नाही आणि पडद्यावर ग्राहकाचा ओळख क्रमांक अर्धा झाकलेला असतो. ओहायोमधल्या एखाद्या गृहस्थाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची माहिती ऐरोलीत इतकी जपली जाते आणि कोपरीतल्या आजींचे डोळ्याचे कागद मात्र वाऱ्यावर, हे पाहून वाईट वाटते.

प्रतिसाद : एक वकील, ठाणे

वरील माहिती उपयुक्त आहे. मात्र ती जशीच्या तशी निवेदनात घातली तर ते पहिल्याच टेबलावर अडेल. आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत ‘विमा’ हा विषय केंद्र सूचीत, ४७ व्या क्रमांकावर आहे. विमा कंपनीने ग्राहकाच्या माहितीचे काय करावे, याविषयी महाराष्ट्र विधिमंडळाला कायदा करता येणार नाही. ते काम संसदेचे आणि हैदराबादेतील विमा नियामक प्राधिकरणाचे आहे. प्राधिकरणाने विमेदारांच्या हितरक्षणाच्या नियमांतही आणि कंपन्यांच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या टीपीएंच्या नियमांतही गोपनीयतेचे बंधन घातलेले आहे.

संसदेचा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि ग्राहकाच्या कामाची बहुतेक कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. या कायद्यात दिलेल्या उदाहरणांपैकी एक विम्याचेच आहे : पॉलिसी घेताना कंपनीने ‘मी डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करणार नाही’ असे लिहून घेतले, तर संमतीचा तेवढा भाग अवैध ठरतो. संमती मागणारा मजकूर मराठीसह आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्यायही कंपनीला द्यावा लागेल. सुरक्षेत हयगय झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे.

आता या कायद्याच्या उणिवा. दंडाची रक्कम सरकारजमा होते. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देण्याची तरतूद त्यात नाही. उलट, अशी भरपाई मागण्याचा मार्ग देणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३अ याच अधिनियमाने वगळले जाणार आहे. दुसरी उणीव आपल्या प्रकरणाला थेट लागू पडते. हा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. कागदावर घेतलेली माहिती पुढे संगणकात गेली तरच ती त्याच्या कक्षेत येते. रुग्णालयाच्या विमा काउंटरवरची झेरॉक्सची चळत, वहीतली नोंद आणि वॉर्डबॉयच्या नजरेखालून जाणारी फाइल या कायद्याच्या बाहेरच राहतात.

राज्याचा हात येथे पोहोचतो. सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्य सूचीतील सहाव्या क्रमांकाचा विषय आहे. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ चा असून २०२१ च्या सुधारित नियमांत रुग्णहक्कांची सनद आहे आणि तीत रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क नमूद आहे. ती सनद दर्शनी भागात लावणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. नोंदणी आणि देखरेखीचे अधिकार ठाण्यात महानगरपालिकेकडे आहेत, नवी मुंबईत तेथील महानगरपालिकेकडे. आपण सांगितलेली वयाची गोष्ट खरी धरली, तर माहिती रुग्णालयाच्या अर्जातूनच पुढे गेली असे मानायला जागा आहे. मग आमदारांकडे विम्याचा कायदा मागण्यापेक्षा याच नियमांत दुरुस्ती मागितलेली बरी : विम्यासाठी घेतलेले कागद कोण हाताळणार, ते किती काळ ठेवणार, नष्ट कसे करणार आणि फुटल्यास जबाबदार कोण. आज त्या सनदेत हक्क आहे, पण तो मोडल्यास पुढे काय, याचे उत्तर गुळगुळीत आहे.

प्रतिसाद : विमा प्रतिनिधी, नेरूळ

वकीलसाहेबांचे म्हणणे पटते आणि त्याला दुजोरा देणारी एक खूण सांगतो. फोन करणाऱ्याने हप्त्याची रक्कम सांगितली का? कोपरीकर यांच्या मजकुरात ती नाही. माहिती कंपनीच्या नूतनीकरणाच्या यादीतून फुटली असती, तर समोरच्याने पहिल्या वाक्यातच हप्ता सांगितला असता, कारण गिऱ्हाइकाला पकडण्याचा तोच हमखास आकडा आहे. कॅशलेसच्या मंजुरीसाठी रुग्णालय जो अर्ज पाठवते, त्यावर वय, निदान आणि करावयाची शस्त्रक्रिया असते आणि सोबत पॉलिसीची प्रत जोडली तर मुदत व विम्याची रक्कमही कळते. बरोबर तेवढेच त्या माणसाला ठाऊक होते.

कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत, असे मी मुळीच म्हणत नाही. २०२४ मध्ये एका मोठ्या आरोग्य विमा कंपनीच्या ग्राहकांचे वैद्यकीय अहवालसुद्धा टेलिग्रामवर मिळत असल्याच्या बातम्या आल्या होत्या. आमच्या व्यवसायातही नोकरी सोडताना ग्राहकांची यादी खिशात घालून जाणारे आहेत. पण लोकही हप्त्यांची तुलना करणाऱ्या संकेतस्थळावर ‘मी सहमत आहे’ या चौकटीत टिचकी मारतात आणि मग फोनांचा भडिमार झाला की प्रतिनिधीला धारेवर धरतात.

निवेदनाच्या नादात एक विपरीत सल्ला मात्र पसरू नये, ही विनंती. माहिती फुटते म्हणून प्रस्ताव अर्जात आजार लपवू नका. विम्याचा करार संपूर्ण सद्भावावर उभा असतो. आरोग्य विम्यात सलग साठ महिने होईपर्यंत माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनी क्लेम नाकारू शकते आणि सिद्ध झालेल्या फसवणुकीला त्यानंतरही माफी नाही. ग्राहकाला सगळे उघड करणे भागच असल्यामुळे ती माहिती जपण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर अधिक पडते, हा मुद्दा मसुद्यात ठळकपणे मांडा.

कोपरीकर (ठाणे पूर्व)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हप्त्याची रक्कम त्याने सांगितली नव्हती. मीच विचारली तेव्हा त्याने विषय बदलला. शुश्रूषागृह नियमांतील दुरुस्तीची मागणी मुख्य ठेवून मसुदा नव्याने लिहितो. दोन शंका उरतात. कलम ४३अ वगळले जाण्यापूर्वी आईसाठी भरपाई मागायची झाल्यास कोठे जावे? आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तर राज्य सरकारच माहिती गोळा करते. तिचा उल्लेख करावा का?

प्रतिसाद : एक वकील, ठाणे

पहिल्या शंकेविषयी : पाच कोटी रुपयांपर्यंतच्या अशा दाव्यांचा निर्णय राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून देतात; अर्ज मंत्रालयात करायचा. २०११ च्या नियमांनुसार आरोग्याची माहिती आणि वैद्यकीय नोंदी संवेदनशील माहितीत मोडतात. मात्र संस्थेने वाजवी सुरक्षा राखण्यात हयगय केली आणि त्यातून आपले नुकसान झाले, हे दाखवावे लागते. नुसत्या मनस्तापावर मोठी रक्कम मिळेल, अशी आशा धरू नका. विमा लोकपालांकडे जाण्याचे सुचवले जाते, पण त्यांचे काम प्रामुख्याने क्लेम, हप्ता आणि सेवेच्या तक्रारींचे आहे. त्याआधी चुकीच्या वयाचा तो अर्ज, दुरुस्त केलेला अर्ज आणि फोनची तारीख, वेळ व क्रमांक असलेला तपशील जपून ठेवा. रुग्णालयाला आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एकाच दिवशी लेखी पत्र देऊन पोच घ्या, म्हणजे दोघांनाही एकमेकांकडे बोट दाखवण्यापूर्वी आपापले उत्तर कागदावर द्यावे लागेल. रुग्णालयाच्या पत्राची एक प्रत महानगरपालिकेच्या आरोग्य विभागालाही द्या.

दुसऱ्या शंकेविषयी : उल्लेख अवश्य करा, पण वेगळ्या परिच्छेदात. शासकीय लाभ देण्यासाठी माहिती वापरताना २०२३ च्या अधिनियमाने सरकारला काही बाबतीत स्वतंत्र संमतीची गरज ठेवलेली नाही. त्यामुळे योजनेशी जोडलेल्या रुग्णालयांबरोबरच्या करारात गोपनीयतेच्या अटी कोणत्या आहेत, हे आधी माहितीच्या अधिकारात विचारून घ्या आणि उत्तर हाती आल्यावर तो परिच्छेद लिहा.