येऊरला सापडलेलं पीस कुणाचं?

काल ठाण्याजवळ येऊरच्या जंगलात पायवाटेवर एक पीस दिसलं, जवळजवळ फूटभर, तपकिरी, मधे रुंद पांढरा पट्टा आणि टोकाकडे काळा. घारीचं असेल का? उचललं नाही, फोटो काढलेत.

– घारीच्या पिसावर असा ठळक पांढरा पट्टा नसतो रे. सर्पगरुड वाटतोय, शेपटीचं पीस. मोरघार (हाही एक गरुडच) असती तर गडद पट्टे जास्त दिसले असते.

– घुबड नाही ना? हात लावून बघायला हवं होतं, घुबडाचं मखमली लागतं आणि उडायच्या पिसाच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखे दात असतात, म्हणून तर उडताना आवाज येत नाही.

– घुबड नाही, कड गुळगुळीत दिसतेय. नेक्स्ट टाइम बाजूला मोजपट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढ. आणि उचललं नाहीस ते बरं, 1972 चा वन्यजीव कायदा आहे, त्यात अशी पिसं बाळगायला मनाई आहे.