उत्तर: शनिवारचं चित्र रंगवणं – भिंतीला टेप लावू देत नाहीत

बालविभाग (सध्या जळगाव):
मंडळी, शनिवारी आपल्या मंडळाच्या मुलांचं चित्र रंगवणं ज्या मंगल कार्यालयात आहे, तिथून आत्ताच आले. मालक भिंतीला टेप लावू द्यायला अजिबात तयार नाहीत. नवा रंग दिलाय, पोपडे निघतात म्हणतात. तोरणांच्या वेळचं सगळं त्यांच्या लक्षात आहे. म्हणजे धुळ्याच्या ताईंनी सांगितलेलं भिंतीवर कागद लावून रंगवणं आता कसं करायचं? टेबलं मिळतील, पण मोठ्या माणसांच्या उंचीची. उद्या संध्याकाळपर्यंत कळवा.

खजिनदार (दोहा):
टेबलंच घ्या, भाड्यातच येतात. पोळ्याच्या बैलाची चित्रं छापून झालीत, स्केचपेनचे संच जळगावला पोचलेत. मुलं सुट्टीवर आलीयत, बसून छान रंगवतील. रेषेबाहेर न जाता नीट रंगवणाऱ्याला बक्षीस हे बैठकीत ठरलंय, त्यात आता बदल नको.

धुळ्याची ताई:
खजिनदार भाऊ, तुम्ही वेळेवर सामान पोचवलंत म्हणून तर हा कार्यक्रम होतोय. पण मी रोज लहान मुलांच्या हातांच्या हालचालींवरच काम करते, त्यामुळे टेबलाला माझा ठाम विरोध आहे.

उंच टेबलाशी तीन वर्षांचं पोर बसलं की खांदे कानापर्यंत जातात, पाय लोंबकळतात आणि सगळा जोर मुठीत येतो. कागद उभा असला की कोपराला टेकू नाही, म्हणून खांदा काम करतो. मनगट आपोआप मागे वळतं आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट पुढे येतं. पुढे पेन्सिल धरायला हीच पकड लागते. ती चार-साडेचार वर्षांपासून हळूहळू पक्की होते, त्याआधी मूल मुठीत किंवा बोटं खाली करून खडू धरतं. त्यात बिघडलेलं काही नाही.

दुसरं, स्केचपेन. ते नुसतं टेकवलं तरी रंग उमटतो, बोटांना जोर लावावाच लागत नाही. मेणाचा खडू दाबावा लागतो. तोही लांबलचक नको, मोडून बोटाच्या दोन पेरांएवढा करा. एवढासा तुकडा मुठीत नीट धरताच येत नाही, चिमटीतच धरावा लागतो.

आणि रेषेबाहेर न जाण्याचं बक्षीस चार वर्षांखालच्यांना कृपा करून ठेवू नका. त्या झुलीवरची नक्षी मोठ्यांनाही भरता येणार नाही इतकी बारीक आहे.

भुसावळवाले काका (मस्कत):
बठ्ठास्ले (सगळ्यांना) राम राम. ताई म्हणतात ते खरं आहे. आमच्याकडे पोळ्याला शिंगांना हिंगूळ लावायचं काम पोरांचंच असायचं. शिंगं काय आडवी टेबलावर ठेवून रंगवतात? हात वर, बैल हलतोय, तरी ओघळ येऊ द्यायचा नाही. मना (माझा) नातू पाच वर्षांचा, टॅबवर बोट सपासप फिरवतो, पण शर्टाचं बटण आईकडून लावून घेतो.

एक सुचवतो. शनिवार कानबाईच्या, म्हणजे आपल्या खानदेशातल्या देवीच्या सणाच्या, आदल्या दिवशीच येतोय. मग बैल कशाला, कानबाईचंच चित्र द्या ना. पोळ्याला अजून अवकाश आहे.

चाळीसगावच्या वहिनी (दुबई):
काका, कानबाईचं चित्र नको हो. पोरं कागद जमिनीवर टाकतात, त्यावर पाय पडतो. आमच्याकडे कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांच्या वेळी घरात किती सांभाळून असतात सगळे, आणि इथे देवी केराच्या टोपलीत? मला पटत नाही.

भुसावळवाले काका:
वहिनी, बैलाचीही पूजाच करतो आपण. तरी तुमचा मुद्दा मान्य. बैल राहू द्या.

खजिनदार:
बैल आधीच ठरला होता. स्केचपेनचं मात्र विचारतो, टोपण उघडणं-लावणं हा हाताचा व्यायाम नाही का? दोन्ही हात लागतात. संच पडून राहिले तर हिशेबात मला उत्तर द्यावं लागतं.

धुळ्याची ताई:
टोपणाचा मुद्दा एकदम बरोबर. एका हाताने धरायचं, दुसऱ्याने ओढायचं, हे शिकायलाच हवं. संच सहा वर्षांपुढच्यांना द्या, सगळे वापरले जातील. लहानांसाठी खडू मी धुळ्याहून आणते, मंडळाला खर्च नाही. पण भिंतीचं काय?

सावद्याचे भाऊ:
भिंत हवीच कशाला? आमच्याकडे केळीची रिकामी खोकी पडून आहेत, जाड पुठ्ठ्याची. खोकी एकावर एक रचली की तीन-चार वर्षांच्या पोराच्या छातीएवढी उंची होते. त्यांना टेप लावा नाही तर खळ. शुक्रवारी गाडी जळगावला येतेच आहे.

धुळ्याची ताई:
भाऊ, यापेक्षा उत्तम काही सुचणार नाही. खालच्या खोक्यात वीट ठेवा, नाहीतर पोराने जोर लावला की सरकेल. एवढंही जमलं नाही तर सतरंजीवर उपडं झोपून रंगवू द्या, कोपरांवर भार येतो, खांद्याला काम मिळतं.

चित्र बदलून पाठवतेय. बैलाची फक्त जाड बाह्यरेषा, झूल कोरी. तीन वर्षांच्यांनी गोल काढायचे, ती घुंगरं. चार वर्षांच्यांना फुली जमते, त्यांनी झुलीवर फुल्या. पाचच्या पुढच्यांनी काठाला त्रिकोण. आई-बाबांना एकच विनंती, पोराचा हात धरून गिरवू नका.

चाळीसगावच्या वहिनी:
आणि बक्षीस?

खजिनदार:
लहानांना सगळ्यांना एकसारखा खाऊ. मोठ्यांचं बक्षीस ठरल्याप्रमाणे.

बालविभाग:
ठीक. टेबलं रद्द केली. खोकी शुक्रवारी चारपर्यंत मागच्या दाराने येऊ द्या, पुढे मंडपवाल्याचं सामान असतं. विटा कार्यालयाच्या आवारात आहेत, मालकांना विचारून घेते. टेप मात्र कुणीतरी आणा, मागचा उरलेला सापडत नाहीये.